गोमतीबाईंचं एक मिनिट

शनिवारी दुपारी आम्ही गोमतीबाईंची मुलाखत घ्यायला बसलो, तोवर मी मनातल्या मनात 'चव्हाटा' बंद करून टाकला होता. फक्त बादलला सांगायचं राहिलं होतं.

'चव्हाटा' म्हणजे आमचा इंटरनेट रेडिओवरचा कार्यक्रम. मोर्चे, लोककला, सिनेमा, गाणी. मालक नाही, जाहिरात नाही. मी बोलायचे, बादल रेकॉर्डिंग बघायचा. तीन वर्षं, दर रविवारी. मोर्च्यांतल्या मागण्या तशाच राहिल्या, ऐकणारे तीनशेच्या वर गेले नाहीत, आणि आता माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता.

किन्हीराजा गावात बियाण्यांच्या दुकानामागे आमची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडकी बंद, पंखाही बंद. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, पण आत दिवेलागणीसारखा अंधार आणि दुकानातल्या फवारणीच्या औषधांचा उग्र वास.

"सुकेशनीताई, तुमचं तोंड पाहून माइक बी रडन आज," बादल म्हणाला.

"तू वायरी लाव."

गोमतीबाई तांड्यावरून आल्या होत्या. त्यांची रीता दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला घाटाकडे गेली, ती परतलीच नाही. तिच्या टोळीचा मुकादम देवमन सांगतो, कुणासोबत तरी पळाली. सगळ्यांनी तेच खरं धरलं.

"पळाली असती तं मले फोन केला असता," गोमतीबाई माइकसमोर म्हणाल्या. "तुमचं हे तोडीवाले आयकतात. तिले सांगा, माय रागावली नाही. जिती असन तं एकदा बोल म्हना. नसन... तं तेही सांग म्हना."

"मावशी, नसेल तर सांगेल कशी?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुले काय मालूम," त्या शांतपणे म्हणाल्या.

मुलाखत संपली. त्यानंतर आमची एक रीत असते. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करायची. वाक्यं कापून जोडली की सांध्यांत ती भरावी लागते.

हेडफोन माझ्या कानांवर होता. शांततेतही श्वास ऐकू येतात. माझा. बादलचा, सर्दीनं चोंदलेला. गोमतीबाईंचा, उन्हात चालून आल्यामुळे धापेचा. आणि चौथा... माइकच्या अगदी जवळ. जड, ओलसर.

मी बादलकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत होता. गोमतीबाई डोळे मिटून सावकाश मान हलवत होत्या. कुणी काही सांगावं आणि आपण 'हो, हो' करावं, तशा.

"बरं झालं, पोरी," जाताना त्या एवढंच म्हणाल्या.

थकव्यानंच भास झाला असेल, असं मी ठरवलं. संध्याकाळी जुळवाजुळव करताना अंगात त्राण नव्हतं. शेवटचं ते मिनिट मी दरवेळी कापते. या वेळी हात उचलला नाही. कुणाला काय कळणार? तसंच राहू दिलं आणि रविवारी सकाळी कार्यक्रम प्रसारित केला.

दुपारपासून फोन सुरू झाले. एका वीटभट्टीवरून एक म्हातारा विचारत होता, "माह्या मेलेल्या पोरीनं आखरीच्या मिनिटात हाक मारली मले. पुन्हा कवा लावता?" केनवडहून एक बाई रडत होती, त्या मिनिटात गेलेल्या नवऱ्याचा आवाज आला म्हणत होती. मी ते मिनिट अकरा वेळा ऐकलं. त्यात काहीच नव्हतं. चौथा श्वाससुद्धा नव्हता.

सोमवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी देवमन मुकादम बोलतो. ताई, ते आखरीचं मिनिट काढून टाका... हात जोडतो."

"का? काय आहे त्यात?"

"ती समद्याईले जागा सांगून राह्यली..."

मी कागद-पेन पुढे ओढलं. "कोणती जागा, देवमनभाऊ?"

उत्तर आलं. त्याच्याच फोनवरून, पण आवाज एका तरुण मुलीचा होता. थकलेला, संथ. कोणत्या गावाचं शिवार, कोणती पडकी विहीर, बांधावरच्या बाभळीपासून किती पावलं. मी समोरच्या कागदावर लिहून घेत गेले. चुकलं तर ती थांबायची, पुन्हा सांगायची.

आणि मधूनमधून, तिच्या आवाजावर, देवमनचा आवाज येत होता...

"हॅलो... ताई? आयकू येते ना? तुमी बोलून काहून नाही राह्यल्या?"