चार वाजताचं वाचन

दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर यायला वेळ होता. शेजारचे गृहस्थ फोनवर लेख वाचत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून. यंत्रं कपडे शिवू लागली तर शिवणाऱ्यांनी काय करायचं, असा तो लेख. माझं दुकानच शिवणकामाचं, बारा मशिनी, बारा बायका. मी कशी सोडते? पण त्यांचं बोट भराभर पळत होतं.

"जरा हळू सरकवा," मी म्हटलं. "मी चौथीपर्यंतच शिकलेय."

त्यांनी वळून पाहिलं. एक गाल सुजलेला, पण डोळे... हसरे. "मग वाचूनच दाखवतो की."

जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, आता निवृत्त, घरी एकटे. माझाही नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली. त्यांना इंटरनेटवरचे लेख हुडकायची भारी हौस. बोलता बोलता मी दुकानाचा पत्ता सांगितलेला, तर दुसऱ्या दिवशी चार वाजता दुकानात हजर. का, तर लेख अर्धा राहिला होता म्हणे.

मग रोजच चार. कधी कॉम्प्युटर काय काय शिकला ते, कधी म्हातारपणासाठी पैसे कुठे गुंतवावेत, तर कधी ऑफिसातल्यांना सोमवार का नकोसा वाटतो.

"माझ्याकडे पाठवा दोन दिवस. रविवारही नकोसा होईल."

"असं लेखात नाही."

"मग काय आहे? वाचा पुढे."

"तुम्ही वाचू द्याल तर ना."

मशिनी थांबायच्या. मी डोळे वटारले की बायका सुईत दोरा ओवायचं नाटक करायच्या.

एकदा ते नवा शर्ट घालून आले. कॉलर मुडपलेली. मी ती सरळ करायला हात लावला, तर त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली. मी दोन्हीदा ऐकली.

आणि एका दुपारी सुनेनं, त्यांच्यासमोरच, माझ्या फोनवर काहीतरी दाबलं. "आई, आता कोणाला त्रास नको. फोनच लेख वाचून दाखवेल."

फोन खडाखडा वाचू लागला. ते ऐकत राहिले. "छान वाचतो. माझ्यापेक्षा स्पष्ट," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले. मी 'बसा' म्हणायला हवं होतं. पण जगाला फाडून खाणारी ही जीभ नेमकी तेव्हाच टाळ्याला चिकटली.

चार दिवस ते आले नाहीत. फोन वाचत होता. मी मधे बोलले तरी मेल्याला पत्ता नाही, तो आपला पुढेच.

पाचव्या दिवशी दुकान सुनेवर टाकलं, दातांच्या दवाखान्यातून पत्ता काढला आणि तीन मजले चढून गेले. त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली.

"लिफ्टवाल्यांच्याच इमारतीत लिफ्ट बंद?" मी धापा टाकत म्हटलं.

"आधी बसा. पाणी आणतो—"

"पाणी नको. येत का नाही?"

"फोन आहे ना आता."

"आहे. चांगला वाचतो."

"मग?"

"त्याच्याशी भांडता येत नाही. आणि..." बारा बायकांना धाकात ठेवणारी मी, दाराच्या कडीकडे बघत म्हणाले. "आणि त्याची मी वाट बघत नाही."

त्यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मला तर सकाळपासूनच यावंसं वाटतं."

"मग या की. राहायलाच या."

"सूनबाई काय म्हणतील?"

"ती काय म्हणते ते मी सासू झाल्यापासून ऐकलेलं नाही."

ते मोठ्यानं हसले, चपला घातल्या, दार ओढून घेतलं. जिना उतरताना त्यांनी हात पुढे केला. मला पायऱ्या चांगल्या दिसत होत्या. तरी धरला.