हेडली मामाची मोजणी

आधीच सांगते, हे रात्रीचं नाही.

भर दुपारी दोन वाजताचं आहे. ऊन असं होतं की यार्डातल्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

आणि मी भुताखेतांच्या मागे लागणारी बाई नाही. नोकरी करते. जे दिसेल ते लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच माझं काम. इथेही तेच करतेय. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं.

मागच्या मार्चमधला गुरुवार होता.

आमचं पुन्ता रोहा बंदर कोस्टा रिकाच्या पूर्व किनाऱ्यावर, लिमोन शहराच्या खाली. गाव लहान, पण दर गुरुवारी सहलीचं अवाढव्य जहाज लागतं. हजारो पाहुणे उतरतात, तिखट पॅती म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या खातात, फोटो काढतात, संध्याकाळी परत जातात. ते पुढच्या बाजूने उतरत असतात तेव्हा मागच्या बाजूने जहाजाची घाण उतरत असते. फुटक्या ट्यूबलाइटी, मेलेल्या बॅटऱ्या, रंगाचा थिनर.

सगळ्यात वाईट म्हणजे जहाजाच्या लाँड्रीतलं रसायन. पाण्याशिवाय कपडे धुतात ना, ते. वास गोडसर असतो. पोटात गेलं की यकृत खातं.

ते लोखंडी पिंपांत भरून आमच्या यार्डात येतं. तिथून ठेकेदाराचा ट्रक ते राजधानीजवळच्या भट्टीत जाळायला नेतो. ट्रक निघायच्या आधी तपासनिसाने प्रत्येक पिंप वाजवायचं, मोजायचं आणि कागदावर सही करायची.

वीस वर्षं हा तपासनीस माझा मामा होता. हेडली मामा.

त्याच्या उजव्या हातात जाड पितळी अंगठी असायची. बोट वाकवून तो पिंपावर तीनदा वाजवायचा. वर, मध्ये, खाली. भरलेलं पिंप ठक, ठक, ठक बोलायचं. जिथे रिकामं असेल तिथे टण्ण. मग झाकणावर खडूने फुली मारायची आणि पुढच्या पिंपाकडे वळायचं.

"कागद खोटं बोलतो, नेरीडा," मला म्हणायचा. "पिंपाला तेवढी अक्कल नसते."

त्या आधीच्या सप्टेंबरात मामा गेला. यकृतानेच गेला. आमच्या रिवाजाप्रमाणे मयताच्या नऊ रात्री आम्ही जागवल्या, म्हातारे डॉमिनो आपटत बसले, आई सगळ्यांना कॉफी देत फिरत राहिली. मामा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. अंगठी सुजलेल्या बोटातून निघेना, म्हणून तशीच पुरली. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. डोळ्यांनी पाहिलंय.

ऑक्टोबरात त्याची खुर्ची मला मिळाली.

दोन महिने मी इमानाने पिंपं वाजवली. मग कंटाळले. खोटं कशाला बोलू? ठेकेदाराचा माणूस ओस्वाल्दो दर वेळी दात काढायचा.

"काय ताई, कार्निव्हलची तालीम चाललीय का?"

"तू तुझं काम कर."

"अहो, केलं ना. वीस मोजली. तुम्ही कशाला उन्हात करपताय? ही घ्या कॉफी, हा कागद."

डिसेंबरापासून मी खुर्चीतच बसून सही करायला लागले. बाहेर डोकावायचीसुद्धा नाही.

त्याच महिन्यात गावाला पाणी एक दिवसाआड यायला लागलं. ओस्वाल्दोने घरी एक पिंप आणून टाकलं. निळा रंग नवाकोरा. म्हणाला, "नाताळची भेट समजा, ताई. घरात लेकरू आहे." मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतलं.

लेकरू म्हणजे माझी देल्फीना. सहा वर्षांची. फेब्रुवारीपासून तिच्या पोटात काही ठरेना. नारळाच्या दुधातला राजमा-भात म्हणजे तिचा जीव की प्राण, पण तोही ओकून टाकायची. डोळे पिवळे पडले. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, भरपूर पाणी पाजा.

आई तिला दिवसभर पाणी पाजत होती.

तर तो गुरुवार. ओस्वाल्दोने कॉफी ठेवली, कागद ठेवला. "वीस आहेत ताई. मी जेवून येतो, तोवर सही टाका." यार्डाला कुलूप घालून त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

मी पेन उचललं.

आणि...

ठक... ठक... ठक.

मला वाटलं, ओस्वाल्दो माझी चेष्टा करतोय. मी लक्ष दिलं नाही.

ठक... ठक... ठक.

नुसतं बोट वाजल्याचा तो आवाज नव्हता. धातूवर धातू वाजत होता. प्रत्येक तीन ठोक्यांनंतर जरा थांबणं. खडूने फुली मारायला लागतो, बरोबर तेवढाच वेळ.

मी मोजायला लागले. सात... आठ... नऊ...

मध्येच लक्षात आलं की दुसरा कुठलाच आवाज येत नाहीये. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. धक्क्यावरच्या पाहुण्यांचा गलका नव्हता.

बारा... तेरा... चौदा.

मग काहीच नाही.

पंधराव्याची वाट बघत मी किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी किल्ली घेऊन उठले.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणी नव्हतं. उन्हात पिंपांची रांग उभी होती. वीस नव्हती.

चौदा होती.

प्रत्येकाच्या झाकणावर... ताज्या खडूची फुली.

यार्डाच्या मागे खाडी आहे. भिंतीपलीकडून गोडसर वास येत होता. वाकून बघितलं तर चिखलात लाल खेकडे उताणे पडले होते, पन्नास तरी असतील. त्यांच्या वर भिंतीतून एक पाइप बाहेर आलेला होता.

मागे पावलं वाजली. ओस्वाल्दो होता, हातात अर्धी पॅती.

"सहा पिंपं कुठं आहेत?" मी विचारलं.

"असतील की इथंच. ताई, तुम्ही बाहेर कशाला..."

त्याला फुल्या दिसल्या. त्याचं तोंड चावता चावता थांबलं.

"ह्या कुणी केल्या?"

"तू नाही?"

"मी खडूला कधी हात लावलाय?" तो एक पाऊल मागे सरला. "एक पाय लांब आहे बघा. म्हाताऱ्याची फुली अशीच असायची."

"खाडीत ओतता ना? आणि रिकाम्या पिंपांचं काय करता?"

तो बुटांकडे बघत राहिला. "धुतो ताई. तीनदा धुतो. मग रंग देऊन..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी पळत सुटले.

घर दहा मिनिटांवर आहे. त्या दिवशी ते कितीवर होतं मला आठवत नाही. मागच्या दारात आई उभी होती, भिंतीला पाठ लावून. चेहरा पांढराफटक. तिच्यापुढे देल्फीना पेला भरून उभी होती.

"नेरीडा," आई हळूच म्हणाली, "हेडली आलाय का गं?"

"काय झालं?"

"ऐक."

निळ्या पिंपाजवळ कुणीही नव्हतं. पोरगी चार हात लांब होती. आणि पिंप वाजलं...

टण्ण... ठक... ठक.

वर रिकामं, मध्ये आणि खाली भरलेलं.

पंधरावं.

मी पोरीच्या हातातला पेला हिसकावला. ती घाबरून रडायला लागली. मी पण रडत होते. झाकणावर फुली होती, एक पाय लांब. सुरीने निळा रंग खरवडला तेव्हा खालून जहाजाने पिंपावर घातलेला नंबर निघाला.

तो नंबर मी दुसऱ्या दिवशी कागदांत शोधला. डिसेंबरचा दुसरा गुरुवार. 'भरलेलं पिंप, भट्टीकडे रवाना.' खाली माझी सही. माझ्या पोरीला मीच ते पाजलं, ओस्वाल्दोने नाही.

ते सगळे कागद मीच वरच्या साहेबांकडे नेऊन दिले आणि म्हटलं, माझी चौकशी करा. ती अजून चालूच आहे. ओस्वाल्दो गावात दिसत नाही. देल्फीनाचे डोळे आता पांढरे झालेत, पण अंगाला काही लागत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

डिसेंबर ते मार्च, कागदावर निघालेली पण भट्टीत न पोचलेली पिंपं एकेचाळीस. गावात कुणी कुणी घेतली, कुणाला आठवत नाही. निळं पिंप प्रत्येक घरात आहे.

पण दर गुरुवारी दोन वाजता कुणीतरी माझ्याकडे येतं.

"ताई, आमचं पिंप वाजतंय."

कधी एक घर, कधी चार. मी जाते, रंग खरवडते, नंबर लिहून घेते. लोकांनी आता मला कारण विचारायचं सोडलंय. झाकणावरची फुली तेही बघतात.

असं करत करत चाळीस सापडली.

गेले सात गुरुवार कुणी आलेलं नाही. मी दोन वाजता खिडकी उघडून बसते. आवाज येतो... अगदी बारीक, लांबून. टण्ण... टण्ण... ठक. मी बाहेर पळते तोवर तो थांबलेला असतो. कुठल्या दिशेने आला ते कळत नाही.

आधी त्यात दोनदा टण्ण नव्हतं, एकदाच होतं.

कुणीतरी त्यातलं पाणी पितंय.