वेळ जुळवू का?

घड्याळवाले काका काल दुपारीच गेले होते. पण त्यांच्या छातीतला पेसमेकर अजून इमानेइतबारे ठोके देत होता. मिनिटाला साठ. ते घेणारं हृदय कधीच थांबलंय, हे त्या बापड्याला कोण सांगणार?

सांगायला ताई आली होती. इस्पितळात पेसमेकर तपासायचं काम तिचं. पंधरा वर्षं तेच करत होती आणि पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. पण शवागारात यायची ही पहिलीच वेळ. तिनं प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर वाचायचं यंत्र, स्टुलावर ठेवला आणि त्याचं वायरीला जोडलेलं हेड काकांच्या गार छातीवर टेकवलं.

"काय म्हणतंय?" इन्स्पेक्टर दारातूनच म्हणाले. आत यायची त्यांची तयारी दिसत नव्हती.

"थांबा हो. भजी तळत नाहीये मी."

पडद्यावर रेघा उमटल्या. आधी एकदम मोठी हालचाल. मग मिनिटभर हृदयाची वेडीवाकडी धडधड. आणि नंतर नुसते यंत्राचेच ठोके, ज्यांना उत्तर नव्हतं. दर महिन्याला फोनवर या माणसाशी ती थट्टामस्करी करायची.

"चार वाजून बारा मिनिटं," ती म्हणाली.

"नक्की?"

"यंत्रानं तशी नोंद केलीय."

तिनं ठोके बंद केले. प्रोग्रामरनं नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, 'वेळ जुळवू का?' तिनं नेहमीसारखं 'होय' दाबलं आणि हेड उचललं.

"मग झालं तर," इन्स्पेक्टर म्हणाले. "सुनेला आत घ्यावं लागणार."

ताईनं चमकून पाहिलं. "काका जिन्यावरून पडले ना?"

"पडले नाहीत, पाडलंय. कठड्यावर नखांचे ओरखडे आहेत. म्हाताऱ्यानं कठडा धरला होता, कोणीतरी बोटं सोडवली. आता ऐका. पुतण्या भेटायला आला होता, तो तीन पंचवीसला निघाला. तीन चाळीसला त्याच्या ऑफिसच्या मशीनवर अंगठा आहे, तिथून सहापर्यंत हलला नाही. सून पावणेतीनला शिवणाच्या क्लासला गेली, पावणेचारला घरी आली. क्लासवाल्या बाईही तेच सांगतात. म्हणजे चार बाराला घरात कोण?"

"आणि शवविच्छेदन?"

"तीन ते साडेचार. डॉक्टर त्याहून नेमकं सांगत नाहीत. पुतण्याच म्हणाला, काकांच्या छातीतलं यंत्र वाचा, सगळं बाहेर येईल. आम्हाला काय ठाऊक, हे यंत्र वेळ लिहून ठेवतं!"

बाहेर बाकावर सून बसली होती. नवरा गेल्यावर गेली सात वर्षं ती सासऱ्यांबरोबरच राहत होती. रडून रडून डोळे सुजले होते. पलीकडे पुतण्या उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काकांच्या तपासण्यांची फाईल.

"ताई, ही ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. "काही लागलं तर."

सुनेनं मान वर केली. "चार बाराला मी स्वयंपाकघरात होते हो. जिना भिंतीपलीकडेच आहे. बाबा पडले असते तर मला ऐकू आलं नसतं? मला वाटलं, वर झोपलेत. पाचला चहा घेऊन गेले तर..."

"यंत्र खोटं बोलत नाही, वहिनी," पुतण्या हळूच म्हणाला.

संध्याकाळी सहाला जबाबावर सही करायची होती. ताई तिच्या खोलीत येऊन बसली, पण जिवाला चैन पडेना. भिंतीपलीकडे माणूस जिन्यावरून कोसळतो आणि बाईला ऐकू येत नाही? बरं, ती खोटं बोलत असेल, तर 'मी बाजारात होते' असं बोलली असती. घरातच होते, हे कशाला सांगेल?

तिनं फाईल उघडली. काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. फाईलही तशीच, एकेक कागद तारखेवार. सहा वर्षांच्या अकरा तपासण्या. असायला मात्र बारा हव्या होत्या. शेवटची, तीन महिन्यांपूर्वीची, नव्हती.

तिनं सुनेला फोन लावला.

"शेवटचा रिपोर्ट कुठे गेला हो?"

"फाईलमध्येच होता की. बाबांनी त्यावर लाल पेनानं काहीतरी लिहिलंही होतं. म्हणाले, पुढच्या वेळी ताईची फिरकी घ्यायचीय."

"काय लिहिलं होतं?"

"मी नाही पाहिलं. पण हसत होते."

ताईनं कपाटातून इस्पितळाची प्रत काढली. तारीख बरोबर. वेळ, अकरा वाजून सत्तावन्न.

तिनं ती वेळ पुन्हा वाचली. काकांची वेळ अकराची होती. अकराच्या ठोक्याला ते दारात उभे होते आणि पाचच मिनिटांत निघाले होते, पुतण्या गाडी घेऊन खाली थांबलाय म्हणत. मग अकरा सत्तावन्न कुठून आले?

आणि तिला आठवलं. त्या दिवशी प्रोग्रामर दुरुस्तीहून आला होता. त्याचं घड्याळ पुढे धावतंय, हे तिला संध्याकाळी कळलं. तिनं ते गुपचूप नीट केलं. पण सकाळच्या पेशंटांच्या तपासणीत 'वेळ जुळवू का?' विचारल्यावर तिनं 'होय' दाबलेलंच होतं. प्रोग्रामरची चुकीची वेळ त्यांच्या पेसमेकरमध्ये गेली होती. ठोके बरोबर आहेत ना, मग वेळेचं काय, पुढच्या तपासणीत जुळेल, असं म्हणून तिनं कुठेही नोंद केली नव्हती. आणि आज सकाळी, सवयीनं, पुन्हा 'होय' दाबून तिनं ती चूक पुसूनही टाकली होती. आता पेसमेकरचं घड्याळ बिनचूक होतं. दाखवणार काय, कपाळ?

गप्प बसली असती तर कुणालाच पत्ता लागला नसता. बोलली तर नोकरी गेल्यातच जमा. तिला बाकावरचे ते सुजलेले डोळे आठवले. ताई उठली आणि तिनं फोनचं रजिस्टर काढलं.

सहा वाजता इन्स्पेक्टरांच्या खोलीत चौघं होते. सून खुर्चीच्या कडेला टेकली होती. पुतण्या ऐसपैस बसला होता.

"करा सही, ताई," इन्स्पेक्टर म्हणाले.

"त्याआधी एक सांगायचंय. माझ्या हातून चूक झालीय." तिनं जबाबाचा कागद बाजूला सारला. "काकांच्या पेसमेकरचं घड्याळ चुकलेलं होतं. चूक माझी. चार बारा ही खरी वेळ नाही."

इन्स्पेक्टरांचं पेन हवेतच राहिलं. "आत्ता सांगताय?"

"आत्ता सापडली."

पुतण्या ताडकन उठला. "वा! वहिनीनं गळ घातलेली दिसतेय! साहेब, ही बाई आपल्या मनानं पंचावन्न मिनिटं मागे-पुढे करणार आणि आपण ऐकून घ्यायचं?"

ताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"पंचावन्न मिनिटं?" ती म्हणाली. "मी आकडा कुठे सांगितला?"

पुतण्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... तुम्ही... अंदाजानं म्हणालो."

"छान अंदाज आहे हो. मला तो काढायला दोन तास लागले."

तिनं रजिस्टर टेबलावर उघडलं. "साहेब, दर महिन्याच्या एक तारखेला काका घरून फोन करायचे. छातीवर लोहचुंबक धरायचं, मग पेसमेकर ठराविक वेगानं चालतो, ते ठोके मोजून सांगायचे आणि बॅटरी किती उरली ते मला कळतं. चुंबक लागल्याची वेळ पेसमेकर स्वतःही लिहून ठेवतो. काका घड्याळवाले. नऊ म्हणजे नऊ. हे माझं रजिस्टर, गेल्या दोन्ही महिन्यांत फोन नऊ वाजता. आणि ही सकाळी काढलेली पेसमेकरची नोंद. दोन्ही वेळा नऊ पंचावन्न."

इन्स्पेक्टरांनी बोट ठेवून दोन्ही कागद ताडून पाहिले.

"चार बारामधून पंचावन्न वजा करा."

"तीन सतरा," इन्स्पेक्टर सावकाश म्हणाले आणि पुतण्याकडे वळले. "सून क्लासमध्ये. आणि तुम्ही तीन पंचवीसपर्यंत घरात. तुमच्याच तोंडचे शब्द."

"काकांनी ती चूक पहिल्याच दिवशी पकडली होती," ताई म्हणाली. "रिपोर्टवर लाल पेनानं लिहून ठेवली, माझी फिरकी घ्यायला. आणि कौतुकानं यांनाही दाखवली असणार. यांनी तिचाच फायदा घेतला. मारायचं अशा वेळी की यंत्र नंतरची वेळ सांगेल. तेव्हा हे ऑफिसात, सून घरात एकटी. म्हणून तर यंत्र वाचा, यंत्र वाचा, असा यांचाच धोशा होता. फाईल दिली, पण तेवढं पान काढून घेतलं. सकाळी मी वेळ जुळवून टाकणार, हेही यांना ठाऊक होतं. काकांच्या आधीच्या तपासण्यांना शेजारी बसून पाहिलंय यांनी."

"पण कशासाठी?" सून कशीबशी म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी खणातून एक कागद काढला. "मृत्युपत्र. गेल्या महिन्यात काकांनी घर तुमच्या नावावर लिहून ठेवलंय. तुम्ही खुनी ठरलात तर ते तुम्हाला मिळत नाही. मग पुतण्याशिवाय आहे कोण?"

पुतण्याची पाचावर धारण बसली होती. तरी तो ताईकडे पाहून फिसकारला, "तुम्ही बोलणार नाही असं वाटलं होतं. स्वतःची चूक कोण सांगतं?"

"तिथेच चुकलात," ताई म्हणाली.

ते लाल शाईचं पान त्याच्या गाडीत, पायाखालच्या गालिच्याखाली सापडलं. 'ताईचे घड्याळ ५५ मि. पुढे. एक चहा वसूल करणे.' ते वाचून ताई खूप रडली.

नोकरी गेली नाही. कडक ताकीद मिळाली आणि त्या सकाळच्या सगळ्या पेशंटांना बोलावून तिनं एकेकाची माफी मागितली.

पुढच्या एक तारखेला तिच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. सून होती. तिनं काकांचं लोहचुंबक टेबलावर ठेवलं.

"इस्पितळाचं आहे, परत द्यायला आले." ती थोडी थांबली. "खरं सांगू? मला तुमचा राग येतो. ती चूक नसती तर त्याला हे सुचलंच नसतं. आणि तुम्ही बोलला नसतात तर मी आज आत असते. कशाचं काय करायचं, कळत नाही."

"मलाही नाही कळत," ताई म्हणाली. "बसा. काकांचा एक चहा माझ्याकडे राहिलाय."

सून बसली. ताईनं रजिस्टर ओढलं, आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं, आणि काकांच्या नावापुढे लिहिलं, 'लोहचुंबक परत मिळालं. सकाळी नऊ.'