आधी आवाज, मग हात

कोण आहे रे दारात? बोल की! ...हां, तू होय. ये आत. हसू नका रे, टोणग्यांनो. दारावर थाप पडली की मी आधी आवाज मागतो, त्याला कारण आहे. आमच्या शेजारच्या घड्याळजींचं ऐका. घडलेलं सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर उठून झोपायला जा.

डिसेंबरातली अमावास्या, शनिवार. वरच्या स्टेशनातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त झालं होतं, ते पोचवायला घड्याळजी संध्याकाळच्या डोंगरगाडीने निघाले. सोबत त्यांची सात वर्षांची चिमणी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. ती शिंकली तरी यांच्या हातातला चिमटा गळून पडायचा. निघताना आईने तिच्या गळ्यात स्वतः विणलेला नवा लाल मफलर गुंडाळला. लोकर ऐन शेवटी संपली, म्हणून एक कोपरा तेवढा हिरवा.

ती गाडी म्हणजे नावाला गाडी. चढावर इतकी रेंगाळायची की म्हातारी माणसंसुद्धा उतरून पाय मोकळे करायची. एका ठिकाणी रूळ डोंगराला मोठा वळसा घालतात आणि पायवाट सरळ वर चढते. पोरं खालच्या वळणावर उतरायची, पायवाटेने धावत सुटायची आणि वरच्या वळणावर तीच गाडी पकडायची. गार्ड काही बोलायचा नाही. त्याचा नेम एकच. वर चढणाऱ्याने आधी आपलं नाव ओरडायचं, मग आतल्याने हात द्यायचा. का, ते कुणी कधी विचारलं नाही.

"बाबा, मी जाऊ पायवाटेने?"

"अंधार पडतोय गं."

"नेहमी असंच करता! मला कध्धीच काही करू देत नाही."

पोरीचे डोळे भरून आले आणि घड्याळजी विरघळले. "बरं, जा. पण वर पोचलीस की नाव ओरडायचं हं."

पोर टुणकन उतरून पळाली. शेवटच्या डब्यात हे एकटेच, मागे गार्डची खोली. वळसा संपेपर्यंत बाहेर पार काळोख झाला. घड्याळजी दारात दांडा धरून उभे. कुठून हो म्हटलं, असं झालं त्यांना. तेवढ्यात रुळाच्या कडेला लाल मफलर दिसला. जीव भांड्यात पडला. त्यांनी झटकन हात दिला, वर ओढून घेतलं.

नाव... कुणी ओरडलंच नव्हतं.

"अगं, हात किती गार!" त्यांनी तिला शालीत गुंडाळून जवळ बसवलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

"रुसलीस होय माझ्यावर?"

तिने शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

आणि मागून, खालच्या अंगाने, पायवाटेवरून हाक आली.

"मी चिमणी आले! बाबा... मी चिमणी आले!"

गार्ड आपल्या खोलीतून डोकावला. त्याचा चेहरा उतरला होता. "घड्याळजी... आत घेतलीत, तिने आवाज दिला होता?"

घड्याळजी शेजारच्या पोरीकडे वळले. शालीतल्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. तोंड खिडकीकडेच. आणि ती बोलली. चिमणीच्याच आवाजात.

"बाबा, तिला घेऊ नका."

...

"मी आधी आले."

बाहेरची हाक मागे पडत चालली. आता रडत होती. दोन्ही आवाजांत तसूभर फरक नव्हता, असं घड्याळजी पुढे शपथेवर सांगायचे. एक पोर मांडीशी. एक अंधारात. चुकलं तर आपली पोर कायमची जायची.

पण नाव घेतलं होतं ते बाहेरचीने. तेवढाच आधार. त्यांनी मनगट हिसडलं...

आणि उडी मारली.

गार्डने ब्रेक आवळला, कंदील घेऊन धावला. घड्याळजी रुळातच पोरीला उराशी कवटाळून बसले होते. तिचे हात उबदार होते. धापा टाकत ती म्हणाली, "किती हाका मारल्या, बाबा! तुम्ही दुसरीलाच हात दिलात."

"चुकलो गं माझे बाय, चुकलो," म्हणत ते ढसाढसा रडले.

डब्यात आले तर बाक रिकामा. शाल मात्र तशीच, आत कुणी बसलेलं असावं तशी. गार्डने काठीने ती उलगडली. आत मफलर. ओला, मातकट, वर्षानुवर्षं जमिनीत पडून विरलेला. चिमणीचा तर तिच्या गळ्यात होता.

घरी आल्यावर घड्याळजींनी तो शालीतला मफलर बायकोपुढे ठेवला. ती माउली कितीतरी वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिली. वीण तिचीच होती. मग तिने तांब्यातलं पाणी घेतलं आणि एकेक कोपरा चोळून पाहिला.

पहिला, दुसरा, तिसरा...

चौथ्याची माती निघाली. तो हिरवा होता.