बिनफवारणीची काकडी

मृण्मयीनं काकडीची तिसरी पाटीही नापास केली, तेव्हा तो चक्क हसला.

२००४ सालचा श्रावण. मुंबईच्या मोठ्या दुकानांना भाजी पुरवणाऱ्या एका कंपनीत, नाशिकला, मृण्मयी माल तपासायची. हा ललित पेठच्या डोंगरातून पहिल्या एसटीनं आलेला, आणि त्याची एकूण एक काकडी वाकडी!

त्यानं एक काकडी मोडून अर्धी तिच्यापुढं धरली.

"औषध मारलेली नाय. खाऊन मग नापास करा."

तिनं खाल्ली... गार, गोडसर. वर पाहिलं तर तो तिच्याकडेच बघत होता.

"पास?"

"काकडी पास," ती म्हणाली. "तुमचं नंतर बघू."

नियमानं माल परत गेलाच. पण पुढच्या मंगळवारी तो तशाच वाकड्या काकड्या घेऊन हजर — आणि त्याच्या पुढच्याही. शेवटी एका रविवारी मृण्मयीच त्याचं शेत बघायला गेली. उतारावरचा एकरभर तुकडा. काकडी, वाल, पपई, मधेमधे झेंडू. त्याच्या आईनं, झुंबरबाईनं, नागलीची भाकरी वाढता वाढता सांगितलं, की ललित पूर्वी द्राक्षबागांत फवारणीच्या मजुरीला जायचा. एकदा डोळे सुजवून परतला, आठवडाभर त्याला नीट दिसेना. तेव्हापासून आपल्या रानात विष नाही, असं त्यानं ठरवलं. ललित मान खाली घालून भाकरी खात होता. त्या लांब पापण्यांवरून मृण्मयीला नजर काढवेना.

कंपनीतल्या साहेबांनी मात्र बजावलं, की असल्या शेतकऱ्यांना फवारायला लावा, नाहीतर दारातूनच परत पाठवा. तिनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि शनिवारपासून पंचवटीतल्या आपल्याच अंगणात ललितची भाजी मांडली.

तिसऱ्या शनिवारी तिचे वडील चिंतामणराव यात्रेकरूंना पूजा सांगून परतले. अंगणात गिऱ्हाइकांची ही गर्दी! पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चेच्या या घरात भाजीबाजार चालणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं. मग ललितकडे वळून विचारलं, "आणि हा कोण?"

मृण्मयीनं हातातला तराजू खाली ठेवला.

"बाबा, मी याच्याशी लग्न करणार आहे."

ललितच्या हातातला वाल पाटीत सांडला.

"मला तर विचारलं नाय अजून," तो हळूच म्हणाला.

"आता विचारतेय."

चिंतामणरावांनी आत जाऊन दार लावून घेतलं. मृण्मयीचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. तराजू पाटीत टाकून पाटीची एक कड तिनं धरली, दुसरी ललितनं. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली दोघांनी पाटी टेकवली. मागोमाग गिऱ्हाइकंही पिशव्या घेऊन रस्ता ओलांडू लागली. पाऊस भुरभुरत होता.

तिची बोटं अजून पाटीच्या काठावरच होती. ललितनं त्यांवर आपला मातीचा हात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "पण हितंच बसायचं... उठवलं तरी."

"कोण उठवतंय बघू," ती म्हणाली, आणि तिनं तराजू उचलला.