डावा हातमोजा

मेलेले मासे वेगळे करणं हे माझं काम. सकाळी आठला पंप सुरू होतो, पिंजऱ्यांच्या तळातून जाड नळीने मेलेलं वर येतं आणि माझ्या टेबलावर पडतं. मी प्रत्येक सॅमन उलटापालटा करून बघते, कल्ले उघडते, काहींची पोटं फाडते आणि मरणाचं कारण ठरवून टबात टाकते. समुद्रसिंहाने फाडलेला एका टबात, रोगाने मेलेला दुसऱ्यात, कारण न कळलेला तिसऱ्यात. केयोनच्या खाडीतल्या या मत्स्यपालन केंद्रावर नऊ वर्षं मी हेच करतेय. रिकेट्सिया नावाच्या जंतूने मेलेला मासा मला पोट न फाडताही कळतो. कल्ले फिकट पडलेले असतात आणि अंगावर कडा उचललेली लाल जखम असते, आत मांस दिसतं. पोट फाडलं की यकृतावर सायीच्या रंगाची गोल कडी.

या जंतूवर औषध देतात ते खाद्यातून. आजारी मासा खातच नाही. औषध गिळतात ते धडधाकट मासे. हे मी केंद्रप्रमुख एचावारी साहेबांना किती वेळा सांगितलं असेल, पण खाद्याच्या गोण्या येतच राहतात आणि माझा रोगाचा टब भरतच राहतो.

पंप आला एप्रिलमध्ये. त्याआधी तळाचे मेलेले मासे माणूस काढायचा. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा मावसभाऊ, सांदालियो. हवेची नळी तोंडात धरून खाली जायचा, मेलेले मासे आधी नीट रचायचा, सगळ्यांची डोकी एका बाजूला, आणि मग पिशवीत भरायचा. इतर पाणबुडे हसायचे. "अरे, त्यांना काय झोपवतोयस?" म्हणायचे. त्याचा डावा अंगठा अर्धाच होता, बाकीचा तरुणपणी दोरखंडाच्या चाकात गेला होता. "अर्धा समुद्राला दिलाय," असं तो सांगायचा, "म्हणून तो मला ओळखतो."

मार्चमध्ये अकराव्या पिंजऱ्यात रोग फुटला. मेलेल्यांच्या वजनाने तळाची जाळी फाटायला आली. तेवढ्या खोल दिवसातून एकदाच उतरायचं असा नियम आहे, नाहीतर वर येताना रक्तात हवेचे बुडबुडे होऊन माणूस मरतो. एचावारी साहेबांनी त्याला चार वेळा उतरवलं. चौथ्यांदा वर आल्यावर तो तराफ्यावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नेल्दा, माझे पाय कुठे गेले गं?" किनारा गाठायच्या आत होडीतच गेला.

अपघाताच्या कागदावर मात्र असं आलं की त्या दिवशी तो एकदाच उतरला. आदल्या दिवशी, रविवारी, दारू पिऊन स्वतःसाठी शिंपले काढायला खोल गेला होता, त्याने घात झाला. खाली दोन सह्या होत्या. एक साहेबांची, दुसरी साक्षीदार म्हणून माझी. केंद्र बंद पडलं तर चाळीस घरं बसतील, असं साहेब म्हणाले होते. मला ते पटलं नव्हतं. मी घाबरले आणि सही केली, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एदुविना मावशीने, म्हणजे त्याच्या आईने, मला एक शब्दही सुनावला नाही. तिच्या चुलीभोवती संध्याकाळी शेजारपाजार जमतं आणि ‘माते’ नावाच्या पानांचा कडू काढा फिरतो. प्यायला वाळक्या भोपळ्याचं एकच भांडं, ओढायला एकच नळी, मावशी भरून देते आणि जो तो पिऊन तिला परत करतो. मार्चपासून तो भोपळा माझ्या डाव्या हाताच्या माणसाकडे जायचा आणि मग उजव्या हाताच्या. मध्ये मी बसलेली असायचे. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात पहिला मासा आला. अकराव्या पिंजऱ्यातला, कल्ल्यांच्या मागे एका बाजूला चार जखमा, दुसऱ्या बाजूला एक. रोगाच्याच जखमा होत्या, यकृतावर कडीही होती. रोगाच्या टबात टाकला आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी तसे तीन आले. त्या आठवड्याच्या शेवटी एकोणीस. चार जखमा लांबट, पाचवी आखूड, सगळ्यांवर त्याच जागी. मी रबरी हातमोजा काढून डावा हात एका माशावर ठेवला. चार बोटं बसली. अंगठा मात्र आखूड जखमेच्या पुढे उरला.

मी अंधश्रद्धाळू नाही. ओल्या हाताने मासा जोरात धरला की त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो आणि तिथून जंतू शिरतो, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो. पण त्यासाठी मासा जिवंत लागतो, आणि जखम इतकी खोल व्हायला बरेच दिवस लागतात. मार्चपासून त्या पिंजऱ्यात माणूस उतरलेला नव्हता. पुएर्तो मोंतच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"रिकेट्सियाच आहे. वेगळं काही नाही."

"आणि जखमांची जागा?"

त्यांनी उलट विचारलं, "तुमच्याकडे मासे कोण हाताळतं?"

"पंप," मी म्हणाले.

साहेबांना टेबलापाशी बोलावून दाखवलं. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"समुद्रसिंह लिही."

"समुद्रसिंहाला अंगठा नसतो, साहेब."

"मग कारण अज्ञात लिही. तुला काय, डोकं चालवायला ठेवलंय का इथे?"

मी लिहिलं नाही. त्या माशांचा टब तसाच भरलेला राहू दिला. संताप येत होता आणि त्यातला अर्धा माझाच माझ्यावर होता.

त्या संध्याकाळी मावशीकडे गेले. बाहेर उत्तरेचा वारा आणि पाऊस. चुलीवरच्या तारेला सांदालियोचे पाण्यात उतरायचे हातमोजे टांगलेले होते. डाव्याचा अंगठा मावशीने अर्ध्यात दुमडून जाड दोऱ्याने शिवला होता. उजवा वाळून कडक झाला होता. डाव्यातून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, तिने धुतलाय.

"मावशी, डावा दोन दिवस नेऊ का?"

कशाला, हे तिने विचारलं नाही. काढून हातात दिला. "ने. बघू तू त्याचं काय करतेस. सही करता येते तुला, ते पाहिलंय."

सकाळी तो हातमोजा मी माशावर ठेवला. पाचही जखमांवर बसला, अंगठ्याच्या शिवणीसकट.

गुरुवारी अकराव्या पिंजऱ्यातली नळी तुंबली. साहेबांनी नोल्बेर्तोला उतरवलं. हा शेजारच्या केंद्रावरचा, अबोल माणूस. वर आला तर ओठ पांढरे. नळी मोकळी झाली नव्हती. तासाभराने साहेबांनी त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, मार्चपासून इथे कोणीच उतरलं नाही ना?"

"नाही. का?"

"खाली मेलेले रचून ठेवलेत. ओळीने. सगळ्यांची डोकी एका बाजूला."



साहेब शिडीवरून ओरडले, "नोल्बेर्तो, आणखी एकदा. पाचच मिनिटं."

मी सुरी टेबलावर ठेवली.

"तो उतरणार नाही."

"तू कोण सांगणारी?"

"चार वेळा उतरवलंत. सांदालियोला. मी इथेच उभी होते."

साहेब खाली आले. आवाज चढवला नाही. "कागदावर तुझी सही आहे, नेल्दा. आज खोटं बोलतेस की तेव्हा बोललीस? कोण विश्वास ठेवेल तुझ्यावर?"

"तेव्हा बोलले. तेच निस्तरायला निघालेय. आणि तुम्हाला मासे हवे असतील तर स्वतः उतरा. त्याने रचून ठेवलेत तुमच्यासाठी."

नोल्बेर्तोने पोशाखाची चेन खाली ओढली.

दुपारच्या होडीने मी बंदर कार्यालयात गेले. तिथे पाणबुड्यांच्या अपघातांची नोंद ठेवणाऱ्या नौसैनिकासमोर सगळं लिहून दिलं. चार वेळा, प्रत्येक वेळ घड्याळासकट. रविवारी तो दारू प्यायला नव्हता, शिंपलेही काढत नव्हता, आईचं छप्पर दुरुस्त करत होता, हेही लिहिलं. आधीची सही माझी, आधीचा मजकूर खोटा. त्याने शिक्का मारला आणि विचारलं, "विचार केलाय ना?" मी म्हटलं, उशिरा केला.

शुक्रवारी आठला पंप सुरू केला. अकराव्या पिंजऱ्याची नळी आपोआप मोकळी झाली होती. दोनशे सहा मासे आले. मी एकेक तपासला. फिकट कल्ले, कडी, रोगाच्या जखमा, कुठेही, कशाही. हाताची खूण एकावरही नव्हती.

संध्याकाळी हातमोजा परत करायला गेले. तो माझ्याकडे असताना, गुरुवारपर्यंत, सारखा ओला राहिला होता. शुक्रवारी सकाळी मात्र कोरडा होता, मिठाने पांढरा पडलेला.

मावशीकडे बातमी आधीच पोचली होती. तिने भोपळा भरला, डावीकडच्या माणसाला दिला, परत घेतला, पुन्हा भरला आणि माझ्यासमोर धरला. मी प्यायले. जीभ भाजली आणि मी रडले. 

शेजारपाजारचे आपापल्या घरी गेल्यावर मी डावा हातमोजा तिच्या हातात दिला.

"आता नको धूत जाऊस," मी म्हणाले. "वाळलाय तो."

"मी कधी धुतला?" मावशी म्हणाली. "मार्चपासून रोज सकाळी ओला असायचा. मी नुसता पिळायचे."

तिने तो तारेला अडकवला. मग बसली आणि चुलीत एक लाकूड सरकवलं.

"त्या कागदावर सह्या दोन होत्या ना गं?" तिने विचारलं.

"हो. एक साहेबांची."

मावशीने मान हलवली. तेवढ्यात तापल्या चुलीवर काहीतरी चर्र झालं. मी वर पाहिलं. डावा कोरडाच होता.

उजव्यातून पाणी ठिबकत होतं.