दोनातोचा डोळा आणि पंचवीस टक्के

"बाई, उद्या बागमालक मला घरी बसवणार!" दोनातो दारातूनच ओरडला. "म्हणे, म्हाताऱ्याचे डोळे गेले!"

इटलीतल्या ओत्रान्तो गावाकडे ऑलिव्ह उतरवण्याआधी नुसती झाडं बघून बागेचं वजन सांगायचं, हा दोनातोचा जन्मभराचा मान. पाच टक्क्यांवर कधी चुकला नव्हता.

"यंदा?" एर्सिलियाने विचारलं. या गुप्तहेर बाईंना पाल्हाळ खपत नसे.

"एका बागेत शंभर क्विंटल म्हणालो, भरले ऐंशी. दुसरीत पन्नास, भरले चाळीस."

"वीस टक्के चूक," तिचा जाडजूड सोबती वीतो म्हणाला.

"अरे शहाण्या," एर्सिलिया म्हणाली, "चूक भागायची ती खऱ्या वजनानं. पंचवीस टक्के. दोन्हीकडे."

तिघं तेलघाण्यावर गेली. तिथे ऑलिव्ह तोडणाऱ्यांची मुकादमीण नुन्झियाता कडाडली, "आम्ही चोर? भरल्या टोपल्या या वजनकाट्यापाशी आणून ठेवतो. पुढचं रोक्कोला विचारा!"

रोक्को दोनातोचा धाकटा भाऊ. काटा त्याच्याच ताब्यात. तो मासेमारीचं जाळं शिवत बसला होता. "दादाचं वय झालं हो. आणि माझं नशीब बघा, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्याही समुद्रानं गिळल्या."

तेवढ्यात वीतो काट्यावर चढला. "ऐंशी किलो! आणि तो डॉक्टर परवा शंभर म्हणत होता, मेला खोटारडा!"

"कमरेचा पट्टा मात्र सैल करत करत शेवटच्या भोकात आलाय तुझा," एर्सिलिया म्हणाली. मग तिने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"डोळा चुकतो तेव्हा कधी जास्त चुकतो, कधी कमी. दोन्ही बागांत नेमकी तेवढीच चूक? ती डोळ्याची नव्हे. आपण ज्या खऱ्या वजनानं भागत होतो, तेच खोटं होतं. वीतो शंभरचा ऐंशी भरला. पुन्हा पंचवीस टक्के! दांडीवरचं सरकतं वजन जड केलं की काटा कमी दाखवतो."

तिने त्या वजनाचं बूड फिरवून उघडलं. शिशाच्या गोळ्या घरंगळल्या. काहींना जाळ्याचा दोरा अजून तसाच होता.

रोक्को उसळला. "मग काय करू? सगळं गाव दोनातो, दोनातो! दादा, तू हटल्याशिवाय मला कोण विचारणार होतं?"

दोनातोने एक गोळी उचलली. "मालक नको म्हणत होता, तरी काटा तुझ्या हाती मीच दिला रे. हे जाळंही मीच घेऊन दिलं."

"उद्या काटा नीट करून पुन्हा वजन घेऊ," एर्सिलिया हळू आवाजात म्हणाली. "तुमचा डोळा खरा ठरेल. मान तुमचाच राहील."

"कसला मान, बाई? झाडं दिसली, पाठचा भाऊ दिसला नाही. मालकाला सांगा, दुसरा माणूस बघा."

गोळी त्याने रोक्कोच्या जाळ्यात टाकली आणि तो घरी चालता झाला.